रिकामी एक, रिकामी दोन

माझ्या सासऱ्यांना आमच्या गल्लीत कोणी नावानं हाक मारत नाही. लहानथोर सगळे त्यांना कंपाउंडर म्हणतात. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, दवाखाना बंद पडून पाच झाली, तिथं आता मोबाइलचं दुकान आहे, पण हे आपले कंपाउंडरच. चौतीस वर्षं एका लाकडी खिडकीच्या आत उभं राहून त्यांनी औषधं कालवली. गुलाबी मिक्श्चर, पांढरं मिक्श्चर, पुड्या. मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची, एक खाच म्हणजे एक डोस. त्यांची खाच कधी चुकली नाही. हे मी कौतुकानं सांगतेय असं समजू नका. अशा माणसाच्या घरात स्वयंपाक करून बघा, म्हणजे कळेल.

घरातही तोच खाक्या. दूध ओतताना गुडघे वाकवून डोळा पातेल्याच्या रेषेत आणणार. चमचाभर साखर घेतली की वरून सुरीनं सपाट करणार. प्रत्येक डब्यावर लेबल, लेबलावर तारीख. मी या घरात येऊन अकरा वर्षं झाली, आणि पहिल्याच महिन्यात मी मिठाच्या बरणीत साखर भरली होती, ते अजून त्यांच्या लक्षात आहे. "बरणीवर एक आणि आत भलतंच, याच्याएवढी मोठी चूक नाही," असं तेव्हा म्हणाले होते. ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं.

सासूबाई अगदी उलट. मापाचा आणि त्यांचा छत्तीसचा आकडा. त्यांची सगळी दौलत बाल्कनीत होती. बाल्कनी म्हणजे सहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद. एक माणूस वाकला की दुसऱ्यानं दारातच थांबायचं. तिथं नऊ कुंड्या, त्यातल्या दोन म्हणजे रंगाचे जुने डबे. पुदिना, कोथिंबीर, मरवा, मिरची, ओवा, कोरफड, गवती चहा, आणि एखाददुसरी कुंडी नेहमी मोकळी, माती सुकत घातलेली. लेबल नाही, क्रम नाही. भाजी अर्धी शिजली की हातातला झारा घेऊन तशाच बाहेर जायच्या आणि न बघता हवं ते पान खुडून आणायच्या. झाडांवर डाफरायच्यासुद्धा. "माजलायस नुसता, पानं दे की जरा," असं पुदिन्याला बोलताना मी माझ्या कानांनी ऐकलंय.

कंपाउंडर त्या बाल्कनीत फक्त टॉवेल काढायला जात. अडतीस वर्षांच्या संसारात, हे काय लावलंयस, असं त्यांनी बायकोला एकदाही विचारलं नसेल. भांडण नव्हतं हं. औषधांचं कपाट यांचं, बाल्कनी तिची, आणि दोघंही आपापल्या हद्दीत खूश.

मग एका सकाळी सासूबाईंना श्वास पुरेना. खाली टॅक्सी उभी होती. नवरा त्यांना धरून जिन्याकडे नेत होता, मी हातात त्यांच्या चपला घेऊन मागे. दाराच्या चौकटीला धरून त्या थांबल्या आणि कंपाउंडरांना म्हणाल्या, "कोपऱ्यातल्या कुंडीला पाणी घालत राहा. कालच लावलंय त्यात. आठ-दहा दिवसांत दिसेल."

कंपाउंडर म्हणाले, "जुने रिपोर्ट कुठे ठेवलेस?"

"कपाटात, कपड्यांखाली," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरायला लागल्या.

दोघांचं शेवटचं धड बोलणं ते एवढंच. हॉस्पिटलमध्ये त्यांच्या तोंडाला नळी होती. चौथ्या दिवशी सासूबाई गेल्या.

आता यातली गंमत ऐका. गंमत म्हणतेय, पण मला अजून हसू येत नाही. त्यांना दाखल केलं त्याच दुपारी कंपाउंडर कपडे न्यायला घरी आले होते. घरात कोणी नाही, हाताला काम नाही, जिवाला चैन नाही. काय करावं या माणसानं? बाल्कनी साबणानं घासून काढली, आणि नऊच्या नऊ कुंड्या वर्णमालेच्या क्रमानं भिंतीकडेला ओळीत लावल्या. दवाखान्यात बाटल्या लावायचे तशा. मी वॉर्डबाहेर बाकावर बसलेली, आणि यांचे फोन. "मरवा म्हणजे बारीक पानांचा का? ओवा कुठला, जाड पानांचा?" मला राग आला होता. इथं आईंचा जीव वर-खाली होतोय आणि यांना मरवा सुचतोय!

संध्याकाळी मी घरी आले तर ओळ तयार. ओवा, कोथिंबीर, कोरफड, गवती चहा, पुदिना, मरवा, मिरची. प्रत्येक कुंडीवर पांढरं लेबल, जांभळी शाई, खाली तारीख. शेवटी दोन कुंड्या नुसत्या मातीच्या, त्यांच्यावर लिहिलेलं, रिकामी एक, रिकामी दोन.

"बाबा, हे काय?"

"ती आली की तिला सोपं जाईल," ते म्हणाले.

सासूबाई गेल्यावर दहा-बारा दिवस घरात कोण कुठे आहे याचा कोणालाच पत्ता नव्हता. मग एका सकाळी कंपाउंडर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"कोपऱ्यातली म्हणजे कुठली गं?"

"काय कोपऱ्यातली?"

"कुंडी. ती म्हणाली ना, कोपऱ्यातल्या कुंडीला पाणी घाला. ओळ लावायच्या आधी कोपऱ्यात काय होतं?"

अकरा वर्षं मी त्या बाल्कनीत रोज कपडे वाळत घातलेत. डोळे मिटले तर दोरीची प्रत्येक गाठ दिसते. पण कोपऱ्यात काय होतं? मी म्हटलं, मिरची. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, कोपऱ्यात झाडू असायचा. कंपाउंडरांना कोरफड आठवत होती, पण तेही खात्रीनं नाही. शिवाय कोपरे तरी किती? मोजले तर चार. एकात पाणी जायचं भोक, एकात दार उघडतं. राहिले दोन. तिघं जण त्या साडेतीन फुटांत घुसून काथ्याकूट करत होतो आणि हाती भोपळा.

शेवटी कंपाउंडरांनी आपल्या पद्धतीनं विचार केला. ती म्हणाली, कालच लावलंय. म्हणजे झाड मोठं नाही. ती म्हणाली, दिसेल. म्हणजे आज दिसत नाही. ज्या कुंडीत काही दिसत नाही ती रिकामी. रिकाम्या दोन, म्हणून या दोहोंपैकी एक. यात कोणाला चूक काढता आली असती? मला तर नाही.

डाव्या कोपऱ्यातल्या फरशीवर तांबूस गोल डाग होता, घासूनही न गेलेला. त्यावर त्यांनी आधी रिकामी एक ठेवून पाहिली, मग रिकामी दोन. दोन्ही कुंड्या डागापेक्षा चांगल्या दोन-अडीच इंचांनी लहान.

"जुन्या कुठल्यातरी डब्याचा डाग असेल तो," असं मीच म्हणाले. मला कामाला उशीर होत होता.

मग सुरू झाली औषधयोजना. सगळ्याच कुंड्यांना पाणी मापून मिळू लागलं, पण रिकाम्यांचा थाट वेगळा. कपाटातून मिक्श्चरच्या दोन जुन्या बाटल्या निघाल्या, त्यांवर खाचांच्या पट्ट्या चिकटल्या. सकाळी एक खाच, संध्याकाळी एक खाच. कुंड्यांसमोर स्टूल. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते, तर मला म्हणाले, "एखादं भिंग मिळेल का गं, फुटकं असलं तरी चालेल." आणलं. मग तासन् तास ते भिंग आणि माती.

आठवडा गेला, दोन गेले. काही नाही. कंपाउंडरांच्या प्रश्नांनी आम्हाला भंडावून सोडलं. खोल लावलं असेल का? पाणी जास्त होतंय का? कमी होतंय का? मी बाल्कनी घासली तेव्हा साबणाचं पाणी गेलं असेल का आत? बी होतं का काडी होती? नवरा फ्रिज दुरुस्त करतो; त्यानं आपलं सांगितलं, "बाबा, थंडावा कमी पडत असेल." त्याला सगळ्याच गोष्टींत थंडावा कमी पडतो.

एका दुपारी मी लवकर घरी आले. कंपाउंडर स्टुलावर बसले होते, भिंग मांडीवर. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिनं आयुष्यात मला एकच काम सांगितलं बघ. आणि मी तिला विचारलं, रिपोर्ट कुठे आहेत."

त्या मातीतून काही उगवलं नाही तर हा माणूस उरलेलं आयुष्य त्या स्टुलावर काढणार, हे मला लख्ख दिसलं.

मध्येच चहाचं एक प्रकरण झालं. आमच्याकडे चहात गवती चहाची पात घालतात, सासूबाईंची सवय. एका सकाळी मी कात्रीनं चार पाती कापून चहा केला आणि पहिल्या घोटाला तिघांची तोंडं वाकडी. चहाला लसणीचा वास! मी नवऱ्यावर घसरले, की रात्री लसूण कापलेली सुरी त्यानं तशीच ठेवली असणार. तो म्हणाला, चहाला सुरी लागते कुठे? ते खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडले. चहा मोरीत गेला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मी गाळणी बदलली, पातेलं राखेनं घासलं. कंपाउंडर हळूच म्हणाले, "चहात काहीतरी मिसळलंय," तर मी त्यांच्यावरच उसळले. "आता माझ्या चहालाही खाचा पाडा!" दुसराही चहा मोरीत.

पाचवा आठवडा संपत आला तेव्हा मी ते केलं.

कोशिंबिरीला टोमॅटो चिरत होते. बोटाला बिया लागल्या. कंपाउंडर आंघोळीला गेले होते. मी बाल्कनीत गेले, रिकामी एकच्या मातीत बोट खुपसलं, वरून माती सारखी केली आणि हात धुऊन टोमॅटो चिरायला बसले. दहा सेकंदांचं काम. मनात म्हटलं, आई, माफ करा, पण काहीतरी हिरवं दिसू दे या माणसाला.

आठवड्यानं कंपाउंडरांची हाक आली. हाक कसली, आरोळीच. "दिसलं! दिसलं!" मी धावत गेले. मातीतून पांढुरकी मान वर काढून दोन इवली पानं. कंपाउंडरांना भिंग डोळ्याला नीट लावता येईना. मला म्हणाले, "बघ, तिनं सांगितलं होतं दिसेल, दिसलं." आणि रडले. सासूबाई गेल्या तेव्हा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला आनंद झाला का? झाला. आणि त्याच क्षणी कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखंही झालं.

इथवर ठीक होतं. मी खोटं पचवलं असतं. पण तीन दिवसांनी रिकामी दोनमधूनही कोंब आला.

माझं डोकंच चक्रावलं. दोनमध्ये मी काही टाकलं नव्हतं! म्हणजे हे खरंच सासूबाईंचं? मग कंपाउंडर एकवर जीव टाकतायत आणि खरं शेजारी उपाशी? मी भिंग घेऊन दोन्ही कोंब पाहिले. दोन्हींना दोन पानं, दोन्ही हिरवे. काही कळेना. कंपाउंडरांचं त्याहून वाईट. "एकाच कुंडीत लावलं म्हणाली होती ना? लावलंय त्यात, म्हणाली. त्यांत नाही म्हणाली. मग दोन्हीत कसं?" दिवसभर हेच. जेवताना ताटात दोन वाट्या दिसल्या तरी थबकायचे.

रविवारी रोपवाला हातगाडी घेऊन गल्लीत आला. कंपाउंडर दोन्ही कुंड्या काखेत मारून खाली गेले. आम्ही दोघं मागोमाग. दोघांनीही का जावं, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. रोपवाल्यानं पानं चुरगाळली नाहीत, भिंगही मागितलं नाही. एक नजर टाकली आणि म्हणाला, "हा टोमॅटो, ही मिरची."

"टोमॅटो?" कंपाउंडर म्हणाले. "पण ती टोमॅटो लावायची नाही. बाल्कनीत ऊन पुरत नाही म्हणायची. आणि मिरची तर घरात आहे. पुन्हा मिरची कशाला लावेल?"

"ते मला काय माहीत, काका. लावलं ते उगवलं."

वर येऊन त्यांनी कुंड्या जागेवर ठेवल्या आणि आम्हाला समोर बोलावलं. "एक तिचं आहे आणि एक नाही. तिचं ठेवायचं, दुसरं काढायचं. कुठलं काढू? माझ्यानं चूक झाली तर ती दुरुस्त होणार नाही. तुम्ही सांगा." आणि दोन बोटांच्या चिमटीत त्यांनी मिरचीचं रोप धरलं.

टोमॅटो माझा. म्हणजे मिरची सासूबाईंची. आणि ते उपटायला निघाले होते तीच! माझ्या तोंडून शब्द निसटले. "बाबा, ते नको! टोमॅटो मी लावलाय. चिरताना बिया टाकल्या. मिरची आईंची आहे, ती ठेवा."

कंपाउंडरांनी हात मागे घेतला. माझ्याकडे पाहिलं. काही बोलणार, इतक्यात दारात उभा असलेला नवरा खाकरला.

"मिरची मी लावलीय," तो म्हणाला. "वाळक्या मिरचीतलं बी. तुम्ही रोज बसायचात ना... मला बघवेना."

तीन माणसं आणि दोन कुंड्या. मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं माझ्याकडे. अकरा वर्षांत आमचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं आणि तेही एकमेकांना न सांगता.

कंपाउंडरांनी लेबलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाटलीवर एक आणि आत दुसरंच, हे मी चौतीस वर्षांत एकदाही होऊ दिलं नाही." आवाज चढला नव्हता. त्यांनी खाली वाकून रिकामी एकचं लेबल सोललं, मग रिकामी दोनचं. मग ओव्यापासून मिरचीपर्यंत सगळी. खाचांच्या बाटल्या रिकाम्या केल्या, कपाटात ठेवल्या आणि खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

त्यानंतर त्यांनी बाल्कनीत पाऊल टाकलं नाही. टॉवेलसुद्धा मला आणायला सांगत. जेवत, विचारलं तर हो-नाही म्हणत, बस. माझी खात्री होती की त्यांचं भलं करण्याच्या नादात आम्ही त्यांची आशाच उपटली. मी टोमॅटो उपटून टाकावा की वाढवावा हेही मला कळेना. कामावर एका बाईंना मी दूरच्या चष्म्याऐवजी जवळचा दिला. पाणी आता मी घालत होते, तांब्यानं, अंदाजानं. घालताना सासूबाईंसारखंच बडबडत होते, पण झाडांना नाही, स्वतःला.

आठवड्यानं, सुट्टीच्या सकाळी, चहासाठी गवती चहा कापायला गेले. घाई नव्हती. मूठभर पाती धरली, कात्री चालवली, आणि कपाळावर आलेले केस मागे सारायला तोच हात वर नेला. लसूण.

मी हात पुन्हा नाकाशी नेला. लसूणच. सुरी नाही, पातेलं नाही, गाळणी नाही. मुठीतली पाती मी एकेक करून पाहिली. बहुतेक खरखरीत, कडेनं बोटाला कापणारी. आणि त्यात तीन मऊ, चपटी, किंचित निळसर. मी खाली बसले. गवती चहाचा तो झिपऱ्या सोडलेला झुबका दोन्ही हातांनी बाजूला सारला. कुंडीच्या काठाशी, गवतात दडून, लसणीची दोन रोपं उभी होती. पात्यांची टोकं बोथट, कात्रीनं कापलेली. माझ्याच कात्रीनं.

लोकांना चष्मे विकते मी. लोकांना!

"बाबा, जरा बाहेर या," मी ओरडले.

"मला नाही यायचं."

"रागवायचं असेल तर इथं येऊन रागवा, पण या!"

आले. मी हात पुढे केला. त्यांनी वास घेतला, मग वाकून गवत बाजूला केलं आणि तसेच वाकलेले राहिले. नवराही येऊन दारात थांबला, कारण आत जागा नव्हती. शेवटी कंपाउंडर उठले, कपाटातून मोजायची टेप घेऊन आले, गवती चहाच्या कुंडीचा तळ मोजला, मग डाव्या कोपऱ्यातला तांबूस डाग मोजला.

"सव्वाअकरा," ते म्हणाले. "दोन्ही सव्वाअकरा."

आम्ही ती कुंडी सरकवत कोपऱ्यात नेली. बाटलीवर बूच बसावं तशी डागावर बसली. रिकाम्या दोन कुंड्या तिथं ठेवून पाहिल्या होत्या; भरलेली ठेवून बघायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"लसूण?" कंपाउंडर म्हणाले.

"लसूण."

"लसूण कशाला लावली तिनं?"

"कीड लागू नये म्हणून असेल," नवरा म्हणाला.

"टोपलीत कोंब फुटलेल्या पाकळ्या दिसल्या असतील," मी म्हटलं. "त्यांना कोंब आलेलं काही टाकवायचं नाही."

"पण जाता जाता... दारात थांबून... लसणीसाठी?" ते आळीपाळीनं आमच्या तोंडाकडे बघत होते, आम्हाला ठाऊक आहे आणि आम्ही सांगत नाही आहोत असं. आम्हाला काय ठाऊक असणार? दोन महिने आम्ही त्या कुंडीत काय काय कल्पिलं होतं. मला तर वाटायचं, काहीतरी फुलणारं असेल.

"पाणी घालत राहा, एवढंच म्हणाल्या होत्या त्या," मी म्हटलं. "तुम्ही घातलंत की. रोज दोन वेळा, मापून. रिकाम्यांना घातलंत तसं हिलाही घातलंत. जगलीच ना ती."

कंपाउंडरांनी कुंडीकडे पाहिलं. बोटानं माती दाबून बघितली. ओली होती.

"दिसली पण असेल आठ-दहा दिवसांत," ते हळू म्हणाले. "आणि आपण तो चहा..."

"मोरीत ओतला. दोनदा."

"मी म्हटलं होतं काहीतरी मिसळलंय."

"हो. आणि मी तुमच्यावर ओरडले होते."

त्यांनी टेप गुंडाळली. मग माझ्या मुठीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही कशाला कापलीस?"

"चहाला."

"मग कर."

"लसूण वेचून काढते आधी."

"नको," ते म्हणाले. "आहे तसाच कर."

केला. गवती चहा, लसूण, सगळं एकत्र उकळलं. घरभर असा वास सुटला की नवऱ्यानं खिडकी उघडली, मग आमच्याकडे बघून परत लावली. तिघं बाल्कनीच्या दाराशी बसलो. चहा भयंकर झाला होता, खोटं कशाला सांगू. नवऱ्यानं डोळे मिटून एका दमात संपवला. मी घोट घेत होते आणि नाक पुसत होते. कंपाउंडर सावकाश, अजिबात तोंड वाकडं न करता, तळाशी गाळ उरेपर्यंत प्यायले. मग कप पुढे केला.

"अजून आहे का?"

पातेल्यात नव्हता. मी माझ्या कपातला अर्धा त्यांच्या कपात ओतला. किती ओतला ते त्यांनी पाहिलं नाही.